आवाज बंद ठेवलेले व्याख्यान

३ ऑक्टोबर १९५९ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात तीन लेखकांचा एक छोटा लेख छापून आला. क्लोरोक्वीन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांच्या दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याला, इजा झाल्याची नोंद त्यात होती. तो लेख आजही कोणालाही काढून पाहता येतो. त्या औषधाचे धाकटे आणि बरेच सौम्य भावंड, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, आज संधिवातावर सर्रास दिले जाते. ते वर्षानुवर्षे घेणाऱ्याचे डोळे तपासत राहावेत, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विद्यार्थिदशेतच सांगितले जाते. तेव्हा पुढे जे घडले ते अज्ञानातून घडले, असे म्हणण्याची सोय नाही.

डॉक्टरांचे वय त्रेसष्ट. तळमजल्यावर दवाखाना, वर घर. दवाखान्याची खोली लांबीला अपुरी असल्यामुळे अक्षरांचा तक्ता रुग्णाच्या डोक्यामागे टांगलेला आहे आणि समोर आरसा. आरशात वाचायचा म्हणून तक्ता उलट्या अक्षरांचा. नवा रुग्ण हटकून मान वळवून मागे बघतो, आणि डॉक्टर दर वेळी तेच म्हणतात, “पुढे बघा, मागचं सगळं उलटं आहे.” पस्तीस वर्षांत या विनोदावर हसणारे कमी झाले, पण तो करायचे त्यांनी सोडले नाही.

घरात दोनच माणसे, डॉक्टर आणि त्यांची वहिनी. थोरला भाऊ फार पूर्वी गेला. डॉक्टरांनी लग्न केले नाही, वहिनींना मूल नव्हते. वहिनी शाळेत शिक्षिका होत्या आणि दिराच्या वैद्यकीय शिक्षणाचा मोठा भाग त्यांच्या आवाजात झालेला आहे. डॉक्टरांना बसून वाचलेले कधी लक्षात राहत नसे. ते खोलीत येरझारा घालत आणि वहिनी खुर्चीत बसून त्यांची पुस्तके मोठ्याने वाचत. त्या अगडबंब शब्दांतला एकही त्यांना कळत नव्हता. “नसांची नावं वाचताना मला वाटायचं, मी कोणाला तरी शिव्या देतेय,” असे त्या सांगतात. दीर डोळ्यांचा डॉक्टर झाला तेव्हा, अर्धी पदवी आपली आहे, असे त्या शेजारपाजारी म्हणत, आणि ते कोणी खोडून काढत नसे.

वहिनींना संधिवात जडला तेव्हा त्या साठीच्या होत्या. सांध्यांच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि डोळे तपासत राहा असे बजावले. “तुमच्या तर घरातच डॉक्टर आहेत,” असेही ते म्हणाले. बोटे सुटली, सकाळी पावले टाकता येऊ लागली. गोळी बारा-तेरा वर्षे चालली. या काळात वहिनींचे वजन बरेच उतरले. गोळीचे प्रमाण वजनानुसार ठरवायचे असते, पण ते पहिल्या दिवशी ठरले तेच राहिले. ते कमी करण्याचा विचार सांध्यांच्या डॉक्टरांनी का केला नाही, हे आता विचारता येत नाही. ते व्यवसायातून निवृत्त होऊन दुसरीकडे गेले आहेत आणि फोन उचलत नाहीत.

डॉक्टर वर्षातून एकदा वहिनींना खाली बोलावत, बाहुली मोठी करणारे थेंब घालत, प्रकाश टाकून पडदा बघत आणि म्हणत, “आरशासारखा लख्ख.” त्यांच्या शिक्षणाच्या काळात असेच शिकवले जाई. आता तसे शिकवत नाहीत. या गोळीची इजा डॉक्टरच्या नजरेला दिसू लागते तेव्हा ती बरीच पुढे गेलेली असते. ती आधी पकडायची तर दोन गोष्टी लागतात, पडद्याच्या थरांचे स्कॅन आणि दृष्टिक्षेत्राची, म्हणजे नजरेच्या टापूची, तपासणी. तीही मधल्या छोट्या भागाची, बारकाईने. स्कॅनसाठी मोठ्या रुग्णालयात जावे लागले असते. दृष्टिक्षेत्राचे यंत्र मात्र दवाखान्याच्या मागच्या खोलीतच होते. काचबिंदूच्या रुग्णांसाठी डॉक्टर ते रोज वापरत.

हा बदल डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याचा एक रस्ता होता, आणि तो कायद्यानेच आखलेला होता. डॉक्टरांची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि त्यासाठी मधल्या काळात शिकत राहिल्याचे गुण जमवावे लागतात. पूर्वी त्यासाठी परिषदांना जावे लागे. नंतर व्याख्याने संगणकावर आली. घरबसल्या ऐकायची, शेवटी काही प्रश्न सोडवायचे, की प्रमाणपत्र हजर. ऐकणारा जागेवर आहे ना हे पाहण्यासाठी मधूनमधून पडद्यावर एक चौकोन येतो, “आपण उपस्थित आहात का?” त्यावर बटण दाबले की व्याख्यान पुढे सरकते.

दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढणाऱ्या बाई आहेत. गल्लीतले सगळे त्यांना नंबरबाई म्हणतात. व्याख्यानाचा संगणक त्यांच्या टेबलावर ठेवलेला असे. डॉक्टर आत रुग्ण तपासत, बाहेर व्याख्यान चाले, आणि चौकोन आला की नंबरबाई बटण दाबत. रुग्णांना त्रास नको म्हणून आवाज बंद. हे कोणी सुचवले, याबाबत दोघांच्या सांगण्यात मेळ नाही. डॉक्टर म्हणतात, बाई आपणहून म्हणाल्या, “तुम्ही कुठे उठताय, मी दाबते.” नंबरबाई म्हणतात, “सरांनीच सांगितलं, नाहीतर मला काय पडलंय?” दोघांपैकी एकावर विश्वास ठेवण्याला आधार नाही. नऊ वर्षे हे चालले, याबद्दल मात्र दुमत नाही.

शेवटचे प्रश्नही नंबरबाईच सोडवत. त्यांची एक पद्धत होती.

“चार उत्तरं असतात ना, त्यातलं सगळ्यात लांबलचक असतं ते बरोबर,” त्या सांगतात. “खरं बोलणाऱ्याला जास्त बोलावं लागतं, आणि खोटं ठोकून द्यायला दोन शब्द पुरतात. चुकलंच तर पुन्हा संधी देतात. कोणी नापास होतच नाही त्यात, झालं तर लाजच म्हणायची.”

“तुम्ही वाचत होतात का, काय विचारलंय ते?” असे त्यांना विचारले.

“मी लांबी बघत होते हो.”

प्रमाणपत्रे छापून यायची ती वर घरी जात. वहिनी त्यांना चौकटी करून घेत आणि दवाखान्यात टांगायला लावत. “माझी शाळेतली मुलं बत्तीस वर्षं शिकवूनही शिकायची नाहीत, आणि आमचे भाऊजी साठी उलटली तरी शिकताहेत,” हे त्या बाकावर बसलेल्या रुग्णांना ऐकवत. डॉक्टरांना अवघडल्यासारखे होई. पण ‘वहिनी, राहू द्या’ यापलीकडे त्यांची मजल गेली नाही.

दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा वहिनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि डॉक्टर आडवे पडून ऐकत. जुनीच सवय, फक्त येरझारा संपल्या होत्या. या वाचनात कधीतरी गडबड होऊ लागली. डॉक्टरांना आठवणारा एक प्रसंग असा.

“उद्या दिवसभर पुरवठा बंद राहणार,” वहिनींनी वाचले.

“कसला?”

“कसला म्हणजे? सगळाच. लिहिलंय तसं वाचतेय.”

डॉक्टरांनी उठून पाहिले. छापलेले होते, पाणीपुरवठा. ते खूप हसले. वहिनी चिडल्या. “अक्षरं खायला लागलेत मेले छापणारे. परवाही एक बातमी अशीच बोडकी होती. माझ्या डोळ्यांत तर काही नाही ना, भाऊजी?”

“छापणारे नाहीत, तुमचं वय खातंय अक्षरं,” डॉक्टर म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी वहिनींना खाली नेले, थेंब घातले, प्रकाश टाकला. पडदा लख्ख होता. मोतीबिंदूची सुरुवात दिसली. त्यांनी चष्म्याचा नंबर थोडा बदलला आणि मोतीबिंदू पिकला की काढू, असे सांगितले. वहिनींनी त्यानंतर आणखी एकदा तरी तक्रार केली होती, हे दोघांनाही मान्य आहे. त्या वेळीही तीच तपासणी झाली आणि तेच उत्तर मिळाले. गोळी चालूच होती.

पुढची घटना डॉक्टरांच्या नावलौकिकातून घडली, हे विचित्र वाटेल. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या स्थानिक संघटनेत सर्वांत जास्त गुण त्यांचे होते. संघटनेच्या चिटणीसांनी फोन केला. औषधांमुळे होणाऱ्या डोळ्यांच्या इजा या विषयावर तरुण डॉक्टरांसाठी एक ऑनलाइन सत्र ठेवायचे होते. सूत्रे कोणी सांभाळावीत, यावर एकमत झाले होते.

“सर, तुमच्याइतकं या वयात शिकणारं दुसरं कोण आहे आमच्यात? नाही म्हणू नका.”

डॉक्टर नाही म्हणू शकले नाहीत. विषयाच्या तयारीसाठी त्यांनी आपल्याच खात्यात शोधले तर या गोळीवरचे एक व्याख्यान सापडले. त्यापुढे ‘पूर्ण’ असा हिरवा शिक्का होता. सुमारे तीन वर्षांपूर्वी ते ‘ऐकून’ झाले होते. रविवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी संगणक वर जेवणाच्या टेबलावर आणला आणि पहिल्यांदाच आवाज सुरू केला. समोर वहिनी कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या.

व्याख्याती तरुण होती आणि हळू बोलत होती. तिने सुरुवातीलाच एका रुग्ण स्त्रीची मुलाखत दाखवली. ती स्त्री सांगत होती की वाचताना शब्दांतली अक्षरे गळतात, जिथे बघावे त्याच्या अगदी शेजारचे नाहीसे होते, आणि डॉक्टर म्हणतात की डोळे स्वच्छ आहेत.

वहिनींचे हात थांबले. “अगदी माझंच बोलतेय ही,” त्या म्हणाल्या. “ऐकलंत का? शेजारचं जातं म्हणते. मी हेच सांगत होते तुम्हाला. काय झालंय हिला?”

व्याख्याती पुढे सांगत होती की नुसत्या नजरेने पडदा बघून रुग्णाला धीर देणे ही या बाबतीतली सर्वांत मोठी चूक आहे. संगणकाच्या पडद्यावर चौकोन आला, “आपण उपस्थित आहात का?” डॉक्टरांचा हात बटणाकडे गेला नाही आणि व्याख्यान तिथेच थांबले.

“खाली चला, वहिनी,” ते म्हणाले.

“आज रविवार आहे.”

“चला.”

मागच्या खोलीत त्यांनी स्वतः यंत्र सुरू केले. एरवी ही तपासणी नंबरबाई करत. यंत्राच्या पांढऱ्या वाटीत तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचे आणि बाजूला कुठेही प्रकाश चमकला की हातातली कळ दाबायची, अशी ती रीत. नेहमीची तपासणी सगळ्या टापूची असते. डॉक्टरांनी मधल्या भागाची निवडली. वहिनींनी सुरुवातीला दोनदा कळ दाबली. मग बराच वेळ यंत्र चमकत राहिले आणि कळीचा आवाज आला नाही.

“सुरू झालं का?” वहिनींनी विचारले.

“चाललंय.”

“मला काही दिसत नाहीये. बंद पडलं असेल. नंबरबाईंना विचारा, त्यांना ठाऊक असतं.”

छापून आलेल्या चित्रात मधला थोडा भाग शाबूत होता आणि त्याच्याभोवती काळे कडे होते. दुसऱ्या डोळ्याचेही तसेच. त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात स्कॅन झाले. तेथील तरुण डॉक्टरने डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितले की पडद्याचा बाहेरचा थर कड्याच्या आकारात झिजून गेला आहे, तो परत येत नाही, आणि गोळी थांबवल्यावरही झीज काही काळ पुढे जाऊ शकते. मग त्याने विचारले, “सर, यांची वार्षिक तपासणी कोण करत होतं?” डॉक्टरांनी सांगितले, “मी.” तरुण डॉक्टरने मान डोलावून अहवाल त्यांच्या हातात दिला. डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार, त्याने रागावायला हवे होते.

गोळी बंद झाली. सांधे पुन्हा आखडू लागले. दुसरे औषध लागू पडायला वेळ लागला.

व्याख्यानाबद्दल वहिनींना सांगायचे की नाही, हा प्रश्न डॉक्टरांपुढे काही आठवडे होता. नंबरबाईंनी स्पष्ट सांगितले, “सर, बोलू नका. जे गेलं ते गेलं. त्यांना वाटतंय औषधाने केलं, वाटू द्या.” संघटनेच्या चिटणीसांना सत्र का नको ते सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “अहो सर, कोण ऐकतं हो आवाज चालू ठेवून? माझी तर सूनबाई बटण दाबते. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय.” हे वाक्य त्यांनी धीर देण्यासाठी उच्चारले, यात शंका नाही.

अखेर डॉक्टरांनी सांगितले. खाली भिंतीवरची त्या व्याख्यानाच्या प्रमाणपत्राची चौकट उतरवून वर नेली आणि वहिनींपुढे ठेवली. वहिनींनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, तिरकी केली. “हे कशाचं? तुम्हीच वाचा,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी विषय वाचला, तारीख वाचली, मग बाकीचे सांगितले. बटण, बंद आवाज, सर्वांत लांब उत्तर, काही वगळले नाही. हे त्यांचे सांगणे आहे. वहिनी त्या संभाषणाबद्दल एवढेच बोलतात, “खरं सांगितलं त्यांनी.”

वहिनींनी क्षमा केली नाही. आदळआपट केली नाही, अबोलाही धरला नाही. ताट वाढले, औषधांची आठवण केली. त्या दिवशी त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

“मी तुम्हाला विचारलं होतं, माझ्या डोळ्यांत काही आहे का म्हणून. तुम्ही हसलात. तेव्हा ते व्याख्यान होऊन गेलेलं होतं का?”

“मला नक्की सांगता येत नाही.”

“म्हणजे तुम्हाला तेही माहीत नाही,” वहिनी म्हणाल्या.

तेव्हापासून त्या त्यांना भाऊजी म्हणत नाहीत. पन्नास वर्षे जिभेवर असलेला शब्द जाऊन त्या जागी ‘डॉक्टर’ आला. “डॉक्टर, भात घ्या.” “डॉक्टर, खाली कोणीतरी आलंय.” डोळे तपासायला त्या मोठ्या रुग्णालयात जातात आणि सोबत शेजारीण लागते. डॉक्टरांना त्या येऊ देत नाहीत. एकदा जिन्यात पायरी चुकेल म्हणून डॉक्टरांनी कोपर धरले, तेव्हा त्या म्हणाल्या, “कडेचं दिसतं मला, डॉक्टर. मधलंच गेलंय.” हे बरेचसे खरे आहे, मधला शाबूत ठिपका फारच लहान आहे. त्या घरात कुठेही अडखळत नाहीत. फक्त समोरच्याचा चेहरा, ताटातला खडा आणि छापलेली ओळ त्यांना दिसत नाही. वर्तमानपत्र बंद केले आहे. डॉक्टरांनी वाचून दाखवण्याची तयारी दाखवली, तर त्यांनी रेडिओ लावला.

डॉक्टरांनी नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला फोन करून आपले गुण रद्द करावेत असे सांगितले. पलीकडचा कारकून गोंधळला.

“सर, गुण कमी पडले तर आमच्याकडे नियम आहे. जास्त झाले तर पुढे धरतो. परत करायचे म्हणजे काय?”

“मी ती व्याख्यानं ऐकलेली नाहीत.”

“पण इथे पूर्ण दाखवतंय. इथे पूर्ण असलं की ते पूर्ण असतं, सर. काढायला तसं बटणच नाहीये.”

डॉक्टरांनी दोनदा लेखीही कळवले. उत्तर आले नाही. त्यांची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वैध झाली आहे. तरुण सहकाऱ्यांत ते अजूनही सर्वाधिक शिकलेले गणले जातात, कारण त्यांनी सत्र का नाकारले ती गोष्ट चिटणीसांनी, बहुधा त्यांच्या भल्यासाठी, बाहेर जाऊ दिली नाही.

आता ते रोज दवाखाना लवकर बंद करतात आणि जुनी व्याख्याने एकेक करून ऐकतात, आवाज मोठा ठेवून. ज्यांचे गुण केव्हाच मिळून चुकले आहेत अशी. पुढ्यात बसलेल्या माणसाला ते नव्या उपचारांबद्दल भरभरून सांगू शकतात. “हे सगळं सोपं आहे हो,” ते एकदा म्हणाले. “अवघड काहीच नव्हतं त्यात. तासभर बसायचं होतं.” याचा उपयोग काय, असे विचारल्यावर त्यांनी मान हलवली. उपयोग आहे असे त्यांना वाटत नाही, आणि न ऐकता राहवतही नाही.

ही गोळी घेणारे आपले इतर रुग्ण त्यांनी आठवून काढले आणि नंबरबाईंना फोन करायला लावले. काही आले आणि तपासणीत ठीक निघाले. एक आल्या त्या ठीक नव्हत्या. काहींचे फोन बदलले आहेत. एकाच्या मुलाने सांगितले की बाबा बरे आहेत, डोळे डॉक्टरांनीच तपासले होते ना, लख्ख म्हणाले होते. ते गृहस्थ अद्याप आलेले नाहीत.

वहिनींच्या डोळ्यांचे नुकसान ते व्याख्यान नंबरबाईंच्या टेबलावर चालले होते त्याच्या आधी सुरू झाले की नंतर, हे ठरवता येत नाही. त्या काळातले एकही स्कॅन नाही, दृष्टिक्षेत्राची तपासणी नाही, आणि अक्षरे प्रथम कधी गळाली याबद्दल वहिनींची स्वतःची आठवण त्या रविवारच्या आधीच्या दोन आणि चार वर्षांच्या मध्ये कुठेतरी फिरते. डॉक्टरांनी त्या दिवशी आवाज सुरू ठेवला असता तर त्यांची नजर वाचली असती, किंवा काही कमी गेली असती, किंवा तेवढीच गेली असती. गोळी बंद होऊन सव्वा वर्ष झाले आहे. ताज्या तपासणीत काळे कडे किंचित रुंद झालेले दिसते. ते कुठे थांबेल, हे माहीत नाही.